पाचपैकी पाच

आधीच सांगते, मी रागीट बाई आहे. नवरा म्हणतो, तेरेसीना, तुझं ब्लडप्रेशर मोजायला यंत्र कशाला, अंगणातूनच ऐकू येतं. असू दे. गोड बोलणारी बाई हवी असेल तर कंपनीच्या ऑफिसात जा, तिथे गोड बोलायचा पगार मिळतो. मी हॉस्पिटलच्या मळक्या चादरी उचलते, आमच्या विभागाची युनियनची प्रतिनिधी आहे, आणि आउनेचं जे झालं ते मला शांतपणे सांगता येणार नाही.

आमची लाँड्री सरोवराच्या काठाला आहे. उत्तरेतल्या सगळ्या हॉस्पिटलांचे कपडे आमच्याकडे येतात. मधोमध एक भिंत. पलीकडे स्वच्छ बाजू, तिथे इस्त्री, घड्या आणि रेडिओ. अलीकडे आम्ही, मळकी बाजू. पिशव्या येतात, त्या उघडायच्या, चादरी, गाऊन, टॉवेल वेगळे करून बेल्टवर टाकायचे. ऐकायला सोपं आहे. पण नर्स बिचारी दमलेली असते, घाईत चादर गुंडाळते, आणि त्या गुंडाळीत काय राहून जाईल काही सांगता येत नाही. कवळ्या येतात, चष्मे येतात, एकदा लग्नाची अंगठी आली होती. आणि सुया येतात.

म्हणून आमच्याकडे एका बेल्टवर दोघी असतात. एक उघडणारी, एक बघणारी. हात घालायच्या आधी उघडणारी विचारते, "बघतेस?" समोरची म्हणते, "बघतेय." मगच हात आत जातो. बघणारीच्या हातात लांब चिमटा असतो. काही चमकलं की ती "थांब" म्हणते आणि उघडणारी आहे तिथे थांबते. हे कुठेही लिहिलेलं नाही. करारात नाही, भिंतीवरच्या पाट्यांवर नाही. आमच्या आधीच्या बायकांनी सुरू केलं, त्यांना कोणी शिकवलं देव जाणे. नवी बाई आली की आम्ही तिला संडास कुठे आहे ते नंतर दाखवतो, हे आधी शिकवतो.

आउने लाह्तिनेन आमच्यात सगळ्यांत जुनी. फिनिश घरातली, दिवसाला दहा शब्द बोलणारी, पण दर शुक्रवारी घरून वेलदोड्याचा गोड पाव भाजून आणणारी. साखरेच्या आजारानं तिच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. उकळत्या कॉफीचा कप धरला तरी तिला कळत नाही. सुई टोचली तरी कळणार नाही, आणि न कळलेल्या सुईसारखी वाईट सुई नाही, कारण मग कोणी धुवत नाही, डॉक्टरकडे जात नाही. हे मळक्या बाजूच्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भिंतीपलीकडे कोणाला माहीत नव्हतं आणि होऊ द्यायचं नव्हतं. तिच्यासमोर नोरीन क्वांडिबेन्स उभी राहायची. नोरीनची जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट. आउनेची बोटं नोरीनच्या डोळ्यांत आहेत, असं आम्ही म्हणायचो.

आउनेला पूर्ण पेन्शन मिळायला दोन हिवाळे उरले होते. नवऱ्यानं सगळं आयुष्य कागदाच्या गिरणीत घालवलं, आता फुप्फुसं गेली, ऑक्सिजनची नळी लावून खुर्चीत बसून असतो. त्याची औषधं आउनेच्या नोकरीच्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला. एवढं सरळ होतं ते. तिला फक्त दोन हिवाळे त्या बेल्टपाशी उभं राहायचं होतं, आणि समोर नोरीन असली तर ते जमण्यासारखं होतं.

आता त्या पाचांबद्दल सांगते.

दरवर्षी पानगळीच्या सुमाराला कंपनीचा सर्व्हे यायचा. तुम्हाला कामावर यायला आवडतं का, तुमचा सुपरवायझर तुमचं ऐकतो का, तुम्हाला सुरक्षित वाटतं का. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी शंभर टक्के. आमचा सुपरवायझर लॉर्न हॅगर्टी. हा गडी स्वतः मळक्या बाजूला पिशव्या उघडून वर गेलेला. सर्व्हेच्या दिवशी तो गुलाबी आयसिंगचे बन घेऊन यायचा, खोकं टेबलावर ठेवायचा आणि कान खाजवत म्हणायचा, "पोरींनो, पाच पाच द्या बाई. चारच्या खाली आलं की मला सुधारणेच्या वर्गाला पाठवतात, आणि वर्गाला गेलेला माणूस परत येत नाही."

आम्ही पाच द्यायचो. प्रश्न वाचायचेसुद्धा नाहीत, वरून खाली पाचाच्या रकान्यात खुणा करत यायचं आणि बन खायला बसायचं. का देऊ नये? नोरीनची आई वर रिझर्व्हवर, त्यांच्या आदिवासी वस्तीत, मरणाला टेकली होती तेव्हा लॉर्ननं तिला जाऊ दिलं, आणि वर कोणाला पत्ता लागू दिला नाही. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखलं तेव्हा बर्फाच्या वादळात स्वतःच्या ट्रकमधून मला हॉस्पिटलला नेलं. आउनेच्या बोटांबद्दल तो गप्प राहिला. खाल्ल्या मिठाला जागायचं नाही तर कशाला जागायचं? कंपनीला काय वाटतं याच्याशी आमचं देणंघेणं नव्हतं. आमच्या लेखी तो सर्व्हे कंपनीचा नव्हताच, तो लॉर्नचा वाढदिवस होता.

मग दक्षिणेची मोठी कंपनी आली आणि दोन कंपन्यांची एक झाली. आम्हाला कोणी विचारलं नाही. एका सकाळी कामाच्या कोटावरचं नाव बदललं, एवढंच.

नव्या कंपनीची बाई आली, मेरेडिथ. वय माझ्या लेकीएवढं, अंगावर इतका पातळ कोट की आउनेला तिची दया आली. तिनं आम्हाला जेवणाच्या खोलीत बसवलं आणि भिंतीवर रंगीत पट्ट्या दाखवल्या.

"ही तुमची मळकी बाजू," ती म्हणाली. "दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या लाँड्र्यांमध्ये पहिली. मला माझ्या कामात सुरक्षित वाटतं, पाचपैकी पाच. दरवर्षी. मनापासून अभिनंदन."

नोरीन माझ्या कानाशी कुजबुजली, "अभिनंदन म्हणाली. आता काहीतरी काढून घेणार बघ."

"त्यामुळे आमच्यापुढे एक प्रश्न आला," मेरेडिथ म्हणाली. "जिथे लोकांना इतकं सुरक्षित वाटतं, तिथे एका बेल्टवर दोन माणसं कशासाठी? आमच्या इतर ठिकाणी एकच असतं. पुढच्या महिन्यापासून इथेही एक असेल. कोणाची नोकरी जाणार नाही, बघणाऱ्या बायका स्वच्छ बाजूला जातील."

मी आउनेकडे पाहिलं. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"इतर ठिकाणी सुया किती जणींना टोचतात?" मी विचारलं.

"तो आकडा आत्ता माझ्याकडे नाही."

"पट्ट्यांचे आकडे आहेत, सुयांचे नाहीत. बरं. मग मी सांगते तुम्हाला, ते पाच काही खरे नव्हेत."

ती हसली. लहान मूल खोटं बोलताना सापडलं की मास्तरीण हसते तसं. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी सर्व्हेत खोटं लिहिलंत, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

काय बोलणार? हो म्हणावं तर आम्ही खोटारड्या, आणि लॉर्न अडकला. नाही म्हणावं तर पाच खरे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. लॉर्न मागे दाराशी उभा होता. त्यानं बुटांकडे बघायला सुरुवात केली होती.

युनियनच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या अध्यक्षानं पहिलं विचारलं, "करारात लिहिलंय का, बेल्टवर दोघी म्हणून?"

"नाही. पण आमच्याकडे कायमच दोघी असतात."

"मग जुनी प्रथा म्हणून लढू. लवादाची तारीख उन्हाळ्यात मिळेल."

"उन्हाळ्यापर्यंत आउनेनं काय करायचं? हात खिशात घालून उभं राहायचं?"

"तेरेसीना, माझ्यावर ओरडू नकोस. मला साक्षीदार दे. ते पाच सुपरवायझरनं मागितले होते, असं सुपरवायझरनंच सांगितलं तर त्यांच्या पट्ट्या केराच्या टोपलीत जातील. देईल का तो?"

देईल, मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं होतं. मूर्ख मी.

लॉर्नला मी पार्किंगमध्ये गाठलं. तो ट्रकच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता आणि मला बघून जास्तच जोरात खरवडायला लागला.

"सांगशील ना?" मी विचारलं.

"तेरेसीना, तुला कल्पना नाही. दोन कंपन्यांचे सुपरवायझर एकत्र केलेत. निम्मे घरी जाणार. मी राहतोय."

"का राहतोयस?"

तो दुसऱ्या काचेकडे वळला.

"का राहतोयस, लॉर्न?"

"माझे आकडे चांगले आहेत म्हणून."

"तुझे आकडे?" मी त्याच्या हातातलं खरवडणं हिसकावून घेतलं. "ते आमचे आकडे आहेत. आम्ही तुला दिले. दर वर्षी एका बनावर दिले. आता त्याच आकड्यांनी आउनेचा गळा कापतायत आणि तू म्हणतोस माझे?"

"मी कोणाचा गळा कापत नाहीये. मी तिच्या बोटांबद्दल आजपर्यंत एक शब्द काढला नाही."

"मग उपकार कर आणि आता एक शब्द काढ. दुसऱ्या गोष्टीबद्दल."

"माझ्या घराचे हप्ते आहेत."

"आउनेच्या नवऱ्याचा श्वास आहे, लॉर्न."

तो ट्रकमध्ये बसला आणि दार लावून घेतलं. खरवडणं माझ्याच हातात राहिलं. ते मी सरोवराच्या दिशेला भिरकावून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याला नवं आणून दिलं, कारण मी चोर नाही.

तेवढ्यात कंपनीनं आणखी एक छोटा सर्व्हे काढला. दोन कंपन्या एक झाल्या, तुम्हाला कसं वाटतंय? आमच्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत ठरवलं की या वेळी खरं ते द्यायचं. सुरक्षित वाटतं का, एक. कंपनी ऐकते का, एक. भविष्याबद्दल विश्वास वाटतो का, एक. नोरीन म्हणाली शून्य का नाही ठेवलं यांनी. मला वाटलं, आता तरी यांना दिसेल.

आठवड्यानं मेरेडिथचं पत्रक भिंतीवर लागलं. मळक्या बाजूची उत्तरं सगळी एकसारखी आल्यामुळे ती बाहेरच्या दबावाखाली भरली गेली असावीत, सबब ती मोजणीत धरलेली नाहीत. पाच एकसारखे आले तेव्हा ते आमच्या मनातलं होतं. एक एकसारखे आले तर ते युनियनचं कारस्थान. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या वाचायच्या असतील तर आमच्या भिंतीवर या. मी ते पत्रक फाडलं, त्याबद्दल मला ताकीद मिळाली, ती ताकीद मी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावली आहे.

आणि तो सोमवार आला. नोरीनला घड्या घालायला स्वच्छ बाजूला पाठवलं. आउने बेल्टपाशी एकटी उभी राहिली. मेरेडिथ आली होती, हातात टिपणं घ्यायची पाटी घेऊन, नवी पद्धत कशी चालते ते बघायला. मी पलीकडच्या बेल्टवर होते, मीसुद्धा एकटी. बेल्ट सुरू झाला, पहिली पिशवी आउनेसमोर आली. तिनं गाठ सोडली आणि थांबली.

"बघतेस?" ती म्हणाली. समोर कोणी नव्हतं.

दुसरी पिशवी पहिलीला येऊन टेकली, मग तिसरी.

"काय झालं?" मेरेडिथनं विचारलं. "बेल्ट बिघडला का?"

आउने माझ्याकडे बघायला लागली. मी लाल बटण दाबलं आणि बेल्ट बंद केला.

"बेल्ट ठीक आहे," मी म्हटलं. "ती हे काम नाकारतेय. धोक्याचं वाटलं तर नाकारायचा हक्क कायद्यानं आहे. आता आधी सुपरवायझरनं येऊन तपासायचं, माझ्यासमोर, आणि सांगायचं धोका आहे का नाही. बोलवा त्याला."

मी आउनेच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कारण कोणी विचारलं असतं की बाई तुलाच का धोका वाटतो, तर आउने काय सांगणार होती? आणि ती खोटं बोलायला किती कच्ची आहे ते मला माहीत होतं.

लॉर्न आला. भिंतीपलीकडच्या बायका दारात जमा झाल्या होत्या, नोरीन सगळ्यांत पुढे.

"लॉर्न," मेरेडिथ म्हणाली, "हे काम सुरक्षित आहे, हो ना? तुमच्याच विभागाचे आकडे आहेत."

लॉर्ननं घसा खाकरला. आउनेच्या तोंडाकडे बघणं त्यानं टाळलं. "आहे," तो म्हणाला. "हळू केलं तर... आहे."

मला जे काही बोलायचं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जे बोलले ते एवढंच. "मग तू उघड."

"काय?"

"सुरक्षित आहे म्हणालास ना? हातमोजे घाल, ये इथे आणि उघड. तू आमच्यातलाच आहेस. विसरला नसशील."

मेरेडिथ म्हणाली, "छान कल्पना आहे. करून दाखवा, लॉर्न." तिला खरंच छान वाटली होती.

लॉर्ननं हातमोजे घातले. आउने बाजूला झाली. त्यानं पिशवीचं तोंड रुंद केलं, बाही वर सरकवली, वाकला, आणि वाकता वाकता मान वर न करता म्हणाला, "बघतेस?"

कोणी उत्तर दिलं नाही. दारात एवढ्या बायका उभ्या होत्या, नोरीन तर डोळे फाडून त्याच्याकडे बघत होती, पण बघतेय असं एकीनंही म्हटलं नाही. त्याचा हात पिशवीच्या तोंडापाशी होता. आत जाईना. जबरदस्ती केल्यासारखा त्यानं खांदा पुढे रेटला, तरी हात जाईना.

"काय झालं?" मेरेडिथ म्हणाली. "घाला ना हात."

लॉर्न सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. "समोर कोणीतरी हवं," तो म्हणाला.

"आकडे तर म्हणतात..."

"आकडे मी मागून घेतले होते." एकदा तोंड उघडल्यावर तो थांबेना. "दर वर्षी. बन आणून. या पोरींनी ते प्रश्न कधी वाचलेसुद्धा नाहीत. समोर माणूस नसताना यात हात घालणं धोक्याचं आहे. लिहून घ्या. तेरेसीना, तूही लिहून घे."

मी लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली आणि श्रम खात्याला फोन केला. दुपारी त्यांचा निरीक्षक आला, त्यानं लॉर्नची सही बघितली, पिशव्या बघितल्या, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत प्रत्येक बेल्टवर दोघी असं लिहून दिलं. नोरीन परत आउनेसमोर आली. चिमटा उचलताना तिचे डोळे भरले होते, पण म्हणाली काय, तर, "घड्या घालून घालून कंबर गेली माझी, सरक तिकडे."

लॉर्नला त्याच आठवड्यात काढलं. नोकरी गेली आणि आकड्यांची इज्जतही गेली. गाढवही गेलं, ब्रह्मचर्यही गेलं. बायका हळहळल्या. मी नाही हळहळले. त्यानं पार्किंगमध्ये तोंड उघडलं असतं तर युनियन त्याच्यामागे उभी राहिली असती. तो निघाला तेव्हा मी हात हलवला, जवळ गेले नाही.

शुक्रवारी आउनेचा पाव कापताना नोरीन म्हणाली, "चला, जिंकलो एकदाचे." आणि मला तेव्हा काय झालं कोण जाणे, गप्प बसायचं सोडून मी उभी राहिले.

"जिंकलो कसले?" मी म्हटलं. "आपल्याच हातानं भरलेल्या पाचांनी आपल्याला बुडवलं होतं. लॉर्न चांगला होता म्हणून खोटं लिहिलं, आणि ते खोटं आपल्याच मानगुटीवर बसलं. आता पुरे. पुढचा सर्व्हे येईल तेव्हा प्रत्येकीनं एकेक प्रश्न वाचायचा आणि खरं असेल तेच लिहायचं. कोणाची भीड नाही, कोणाची दया नाही. आपण सगळ्यांनी ठरवून एकसारखं लिहायचंही नाही, नाहीतर परत कारस्थान म्हणतील. जिचं तिनं खरं लिहायचं. कळलं?"

माझा आवाज मोठा आहे, तो भिंतीपलीकडेही गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आउनेनं मान डोलावली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता त्या दिवशी.

सर्व्हे आला तो बर्फ वितळायच्या आधीच. नवा, लांबलचक. वर लिहिलं होतं, नाव देण्याची गरज नाही. विभाग लिहा, किती वर्षं नोकरी ते लिहा, बस. मी माझं भरलं, तावातावानं, जिथे एक द्यायचा तिथे एक, जिथे चार तिथे चार. आउने कोपऱ्यात बसून चष्मा लावून वाचत होती. सगळ्या उठून गेल्या तरी वाचत होती. मला कौतुक वाटलं. बघा, म्हटलं, किती मन लावून भरतेय.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. मी तो वाचला होता आणि नाही लिहून पुढे गेले होते, कारण मला लागू नव्हता. तुमच्या कामात अडचण यावी असा काही शारीरिक त्रास आहे का? आम्हाला तुमची मदत करायची आहे.

पुढच्या बुधवारी आउनेला ऑफिसात बोलावलं. मी युनियनची म्हणून बरोबर गेले, कशाला बोलावलंय ते मला माहीतसुद्धा नव्हतं. मेरेडिथनं खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाली, मळक्या बाजूच्या एका अनुभवी कर्मचाऱ्यानं बोटांना संवेदना नाही असं कळवलंय. इतक्या वर्षांच्या नोकरीची मळक्या बाजूला एकच व्यक्ती आहे, त्यामुळे आम्ही काळजीपोटी विचारतोय.

"ते तिनं लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "नाव नसलेला कागद आहे तो. तुम्हाला काय माहीत?"

"मीच लिहिलंय," आउने म्हणाली.

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. काय उपयोग, पायाच्या बोटांचंही तेच झालं असावं.

मेरेडिथनं फाइल उघडली. "तुमच्याच विभागानं आम्हाला पटवून दिलंय की हे काम किती धोक्याचं आहे. निरीक्षकाचाही तसा कागद आहे. मग संवेदना नसलेल्या व्यक्तीला आम्ही तिथे कसं ठेवणार? डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत तुम्ही घरी आराम करा. बिनपगारी, पण जागा राखून ठेवू."

"स्वच्छ बाजूला घ्या तिला," मी म्हटलं. "दुसरं काम देणं तुमच्यावर बंधनकारक आहे."

"घड्यांचं काम उन्हाळ्यापासून दक्षिणेच्या लाँड्रीत जातंय. म्हणून इथल्या जागा आम्ही भरत नाही आहोत."

"आणि विमा?"

"रजेच्या पहिल्या महिन्यात चालू राहील. पुढचं त्यांना स्वतः भरता येईल." भरता येईल म्हणे. पगार बंद करून.

मी तिथे काय काय बोलले त्याबद्दल मला दुसरी ताकीद मिळाली. तक्रार दाखल केली आहे, वकीलही म्हणतो की केस आपल्या बाजूची आहे, तारीख मिळाली की जिंकू. तारीख पानगळीनंतर. आउनेच्या नवऱ्याला ही तारीख कळवायला हवी, म्हणजे तो श्वास त्या हिशोबानं घेईल.

आउनेनं लॉकर रिकामं केलं. मी तिच्यामागे पार्किंगमध्ये गेले. तिला धीर द्यायचा होता मला, शपथेवर सांगते. आणि मी काय केलं, तर तिच्यावरच ओरडले. सगळ्या जगावरचा राग तिच्यावर काढला.

"कोणी सांगितलं होतं तुला ते लिहायला? इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी झाकून ठेवलं, आणि तू आपणहून कागदावर लिहून दिलंस? हात दाखवून अवलक्षण. जरा अक्कल वापरायचीस ना आउने, खरं लिही म्हणजे सगळंच लिही असं नसतं."

ती गाडीच्या दाराशी उभी होती. रागावली नाही. रडलीही नाही. विचार करून बोलल्यासारखी बोलली.

"तू म्हणालीस प्रत्येक प्रश्न वाच आणि खरं लिही. मी आजवर कधी वाचलेच नव्हते, म्हणून या वेळी नीट वाचले." मग म्हणाली, "कोणाला कोणतं खरं सांगायचं, ते तू सांगितलं नव्हतंस."

थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर खांबावरच्या प्लगला लावलेली होती. आउने ती ओढत होती, पण बर्फानं घट्ट बसलेल्या प्लगवर तिच्या बोटांची पकड बसत नव्हती. मी तिला बाजूला सारून तो काढला, वायर गुंडाळून तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "थँक यू, तेरेसीना," आणि गाडीत बसून घरी गेली.

तिनं मला एक सणसणीत शिवी दिली असती तर मला घरी जाऊन जेवता आलं असतं.